सर्वांत जुनी प्रत

१

कॉम्प्युटरच्या सफाईचा प्रोग्राम वापरणारे बहुतेक लोक त्यातलं एकच मोठं हिरवं बटण दाबतात आणि मोकळे होतात. मला ते जमत नाही. मी यवतमाळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, गवतांवर पीएच.डी. केली, आणि पानाची लव भिंगातून पाहिल्याशिवाय कधी कुठल्या गवताला नाव दिलं नाही. त्यामुळे आमच्या मुलानं, क्षितिजनं, हैदराबादहून आल्यावर तो प्रोग्राम बसवून दिला आणि "बाबा, तेवढं प्रगत पर्यायांमध्ये शिरू नका" असं बजावलं, तेव्हाच मी कुठे शिरणार हे ठरून गेलं.

रोज सकाळी पेपर वाचून झाला की मी एक पर्याय समजून घ्यायचो. तात्पुरत्या फाइली किती जुन्या झाल्यावर पुसायच्या. कोणती फोल्डरं सफाईतून वगळायची. पुसलेल्या जागेवरून पुन्हा एकदा फिरून तिथलं उरलंसुरलंही मिटवायचं का. साधं पुसलेलं खरं पुसलं जात नाही, त्याचा फक्त पत्ता काढून टाकतात आणि वस्तू तिथंच पडून राहते, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं होतं.

"घर झाडायले मी, अन् डब्बा झाडायले पीएच.डी.," माझी बायको, कुंदा, स्वयंपाकघरातून म्हणायची. "कचरा निघाला का काही?"

"शोधतोय."

"शोधा, शोधा. आमच्याकडे कचरा शोधा लागत नाही, दिसते."

ती आर्णीची. मी बाभुळगावचा, पण पुण्याला शिकायला गेलो आणि तिथल्या मुलांच्या हसण्यामुळे 'मले-तुले' सोडलं, ते कायमचं. कुंदानं कधीच सोडलं नाही.

२

उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी घराची दारं-खिडक्या लावून घेतात. जेवण झालं की मी आतल्या खोलीत कूलरसमोर आडवा होतो. कुंदा मधल्या खोलीत कॉम्प्युटरपाशी बसते. गेल्या हिवाळ्यात क्षितिजच्या बायकोनं, स्पृहानं, घरातले सगळे अल्बम स्कॅन करून दिले, तेव्हापासून तिचा हा नेम झाला आहे.

कूलरचा पंप घरघरतो, वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ठिबकतं, आणि त्याच्या पलीकडून तिचं हसणं येतं.

ते हसणं मला माहीत नव्हतं. ती बायकांमध्ये हसते ते मोठ्यानं. माझ्यासमोर हसते ते अर्धं, नाकातून, थोडं माझ्यावर. हे पदरात दाबलेलं होतं, लग्न ठरलेल्या मुलीचं असावं तसं. शिवाय कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी ती केस विंचरते, हे माझ्या लक्षात आलं होतं. तोंडावर पाणी मारून पावडर लावते. भर दुपारी, घरात, दारं लावलेली असताना.

एकदा मी उठून गेलो.

"काय चाललंय?"

"काही नाही. फोटो पाहून राह्यली."

"कोणाचे?"

"कोणाचे म्हणजे? आपलेच." तिनं खिडकी बंद केली. स्क्रीनवरची म्हणतो आहे मी. "तुम्ही झोपा ना. काहून उठले?"

मत्सर हा शब्द माझ्या वयाला शोभत नाही, मी स्वतःला तसं सांगितलंही. सत्तरी ओलांडलेली बाई, तिला कोण काय लिहिणार? पण मी परत येऊन आडवा झालो आणि कुशीवर वळून तिच्या ओळखीतले सगळे पुरुष आठवू लागलो. त्यातले बरेच आता हयातही नव्हते. तरीही झोप लागली नाही.

३

फोटोंच्या डुप्लिकेट प्रती शोधण्याचा पर्याय मी त्याच आठवड्यात उघडला. निमित्त जागेचं होतं. खरं कारण वेगळं होतं: ती काय पाहते ते मला पाहायचं होतं.

त्यात दोन सोयी आहेत. एक तंतोतंत सारख्या फाइली शोधते. दुसरी 'जवळपास सारख्या' शोधते, आणि जोडीतले दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून विचारते, कोणता ठेवू? मी दुसरी निवडली आणि तिच्या 'आपले' नावाच्या फोल्डरवर सोडली.

पहिली जोडी कॉलेजच्या बागेतली. डावीकडे मी ताठ उभा, हात मागे बांधलेले, कुंदा हातभर अंतरावर. उजवीकडे तेच झाड, तीच अंजिरी साडी, पायाशी तीच वाकडी सावली. फक्त माझा हात तिच्या खांद्यावर होता, आणि मी तोंड उघडून हसत होतो.

माझा पुढचा दात लहानपणी तुटला. मी फोटोत तोंड उघडत नाही.

दोनदा बटण दाबलं असेल, मी म्हटलं. एक गंमत म्हणून काढला असेल आणि मी विसरलो असेन. मी हल्ली बरंच विसरतो. पुढची जोडी पाहिली. त्याच्या पुढची. प्रत्येकीत उजवीकडचा माणूस माझेच कपडे घालून माझ्यापेक्षा जास्त जागा व्यापत होता. तिच्याकडे झुकलेला, तिच्या हातून काहीतरी खाणारा.

मग पैनगंगेच्या काठची जोडी आली. तो फोटो मी काढलेला आहे. त्याबद्दल शंका नको, कारण सूर्य माझ्या पाठीशी होता आणि वाळूवर माझी सावली पडली आहे, कॅमेरा धरलेली, दोन्ही कोपर वर. डावीकडच्या प्रतीत सावली आणि तिच्यापुढे खडकावर एकटी बसलेली कुंदा.

उजवीकडेही तीच सावली होती, दोन्ही कोपर वर. आणि खडकावर कुंदाच्या शेजारी मी बसलो होतो.

४

मी ते कुंदाला दाखवलं.

"हा फोटो कोणी काढला?"

"तुम्हीच तं."

"मग इथे कोण बसलंय?"

तिनं चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं, आणि मास्तर मुद्दाम अडवणारा प्रश्न विचारतोय असं समजून हसली. "बाप्पा! तुम्ही बसले. मले बोरं खाऊ घालून राह्यलते, अन् गाणं म्हणत होते."

"मी गाणं म्हणत नाही."

"म्हटलं ना! परत येताना बसमधी सुद्धा. ड्रायव्हरनं मागं वळून पाह्यलं. मले लाजच वाटली होती." ती स्क्रीनकडे वळली आणि उजवीकडच्या माणसाच्या गालावरून बोट फिरवलं. काचेवर बोटाचा पुसट माग उरला. "तेव्हा कसे होते तुम्ही."

"मी आताही तोच आहे."

"हो का?" ती म्हणाली.

एवढंच. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सहन झाला असता. माझ्याकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. तिला तिकडे पाहायचं होतं. मी तिच्या मागे उभा राहून माझ्याच गालाचा हेवा करत होतो.

५

क्षितिजला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि समजूत घातली, मी विद्यार्थ्यांची घालायचो तशी.

"बाबा, आजकाल मोबाइलमध्ये असतं ते. फोटोतला माणूस हसवतात, हलवतात, उचलून दुसरीकडे बसवतात. आईनं कुठेतरी दाबलं असेल. नाहीतर स्पृहानं गंमत केली असेल."

"आणि तिला आठवतं ते?"

"फोटो पाहून पाहून आठवतं बाबा. सगळ्यांचंच होतं तसं."

हे पटण्यासारखं होतं. मी ते लगेच मान्य केलं आणि हलका झालो. मग तो म्हणाला, "पण काल तर तुम्ही काही बोलला नाहीत याबद्दल."

"काल?"

"काल दुपारी फोन केलात ना. किती दिवसांनी एवढं बोललात! खुशीला तर तुमची ती माकडाची गोष्ट इतकी आवडली, परत सांगा म्हणते."

खुशी माझी नात. मला माकडाची कुठलीही गोष्ट येत नाही. काल दुपारी मी कूलरसमोर झोपलो होतो. मला तसं वाटत होतं.

"बाबा? आहात ना?"

"आहे," मी म्हणालो. "डुप्लिकेटमधून कोणती प्रत ठेवायची ते कुठे ठरवतात?"

"प्रगत पर्यायांमध्ये. पण राहू द्या. एकदा कायमचं पुसलं की मी इथून काही करू शकणार नाही. हवं तर आईचं फोल्डर वगळून टाका."

६

दुसऱ्या दिवशी मी झोपेचं सोंग घेतलं. श्वास लांब केला, तोंड किंचित उघडं ठेवलं.

कूलर घरघरत होता. मधल्या खोलीत आधी कपाटाच्या आरशाचं दार करकरलं. मग खुर्ची. मग माऊसची टिकटिक, आणि मग स्टुलाचा पाय फरशीवर सरकला. स्टूल खुर्चीच्या शेजारी ओढलं गेलं होतं.

ती हसली. पदरातून.

आणि कोणीतरी खोकलं. दोन छोटे, एक लांब, शेवटी घसा साफ करणं. हा खोकला मी चाळीस वर्षं वर्गाच्या दारात ऐकवलेला आहे. मुलं त्यावरून ओळखायची, सर आले.

मी हळूच घशाला हात लावला. घसा कोरडा होता. मी खोकलो नव्हतो.

"कुंदे," तिकडून आवाज आला, "अवं, थे आर्णीची जत्रा दाखव ना. पायताण हरपलं होतं तुहं, थे."

माझा आवाज. पण पुण्याला जाण्याआधीचा. मी तिला कधी 'कुंदे' म्हटलेलं नाही. 'अगं' म्हणतो, ते सुद्धा गरज पडली तर.

मी उठलो. दार लोटलं. कुंदा एकटीच होती, पदर तोंडाशी. शेजारी स्टूल. टेबलावर दोन कप.

"हा कोणाचा?"

"तुमचाच. अर्धा ठेवून कुठं गेलते?" ती किंचित त्रासून म्हणाली. "आता गार झाला असंल."

मी कप उचलून तोंडाला लावला. गार नव्हता. आणि पाकासारखा गोड होता. मी साखर सोडून बरीच वर्षं झाली. डॉक्टरांनी सांगितलं आणि मी पाळलं. मी स्टुलावर हात ठेवला. प्लास्टिक गरम होतं. उन्हाळा आहे, सगळंच गरम असतं, असं मी मनात म्हटलं, आणि खात्री करायला दुसरा हात भिंतीजवळच्या दुसऱ्या स्टुलावर ठेवला.

ते थंड होतं.

"काय तपासून राह्यले?" कुंदानं विचारलं. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिच्या कपाळाला आठी पडली. "बरं नाही का तुमाले? आता तं चांगले होते."

७

माझ्या शास्त्रात एक नियम आहे. एकाच झाडाला दोन अभ्यासकांनी दोन नावं दिली, तर जे आधी दिलं गेलं ते टिकतं. नंतरचं नाव कितीही समर्पक असो, सुंदर असो, लोकांच्या तोंडी बसलेलं असो, ते बाद. त्याला प्राधान्याचा नियम म्हणतात. तो मला नेहमी न्याय्य वाटला. त्यात आवडनिवड नाही. कोण जास्त हसतं, कोण गातं, असं विचारलं जात नाही. आधी कोण होतं, एवढंच.

शेजारच्या इंदुताईंकडे कुरड्या घालायच्या होत्या. मीच कुंदाला म्हणालो, जा, तुला मोकळं वाटेल.

"तुम्ही राहाल ना एकटे?" ती चपला घालता घालता म्हणाली. मग थांबली. "त्या डब्ब्यातले माहे फोटो नका काढू बरं का. बाकी काय झाडायचं ते झाडा."

"तुझे नाही काढत."

हे खोटं नव्हतं. तिचा प्रत्येक फोटो राहणारच होता. प्रत्येक जोडीत ती सारखीच होती.

मी खुर्चीवर बसलो. कुंदाचं फोल्डर वगळायची सोय समोर होती, तिच्यावरून पुढे गेलो. 'जवळपास सारख्या' वर खूण केली. 'सर्व जोड्यांना हाच नियम लावा' वर केली. कोणती प्रत ठेवायची? सर्वांत मोठी, सर्वांत नवी, सर्वाधिक वेळा उघडलेली, सर्वांत जुनी. 'सर्वाधिक वेळा उघडलेली' हा पर्याय मी दोनदा वाचला. तो निवडला असता तर निकाल काय लागला असता हे मला माहीत होतं. रोज दुपारी, पावडर लावून, ती कोणती प्रत उघडत होती ते मला माहीत होतं.

मी सर्वांत जुनी निवडली. पुसलेल्या जागेवरून पुन्हा फिरण्याच्या पर्यायावरही खूण केली. 'पुसण्याआधी विचारा' ही खूण काढून टाकली, कारण त्या माणसाचा चेहरा मला प्रत्येक वेळी पाहायचा नव्हता.

प्रत्येक पर्याय मी समजून घेतला होता. कुठलाही आंधळेपणानं निवडला नाही. मग बटण दाबलं.

८

हिरवी पट्टी डावीकडून सरकू लागली. तिच्या वर, जो फोटो पुसला जात होता तो क्षणभर दिसायचा.

पहिला बागेतला. ताठ उभा माणूस, हात मागे बांधलेले.

चूक आहे, मला वाटलं. बाजू उलट दिसत असेल.

दुसरा. तिसरा. मिटलेलं तोंड, हातभर अंतर. मी घाईघाईनं एका जोडीची माहिती उघडून तारखा पाहिल्या. तारखांना काही अर्थ नाही, त्या स्कॅन केल्याच्या असतात, स्पृहानं जो फोटो आधी काचेवर ठेवला तो आधीचा, असं माझं मन एकीकडे बोलतच होतं. हसणाऱ्याची तारीख आधीची होती. पुढच्या जोडीतही. त्याच्या पुढच्याही. थोडीशीच आधीची, पण दर वेळी. आधी तो, मग मी.

मी 'थांबवा' शोधलं. ते होतं, फिकट करड्या रंगात. मी माऊस त्यावर नेला आणि दाबला. टिक् आवाज आला नाही. पुन्हा दाबला. माऊसवर बोट टेकलेलं मला दिसत होतं, पण लागत नव्हतं.

पैनगंगा आली. खडकावर कुंदा, वाळूवर सावली. सावलीचे कोपर आधी गेले.

९

समोरच्या दाराची कडी वाजली. कुंदा लवकर परतली होती. तिच्या चपलांमागे आणखी एक पायरव होता, डावा पाय किंचित ओढणारा. माझा डावा पाय ओढतो.

"इंदुताई काय म्हणे, सर आज कुरड्या घालायले आले, आमचं नशीब!" ती हसत होती. "अन् तुम्ही तं घालायच्या आधीच चीक खाऊन टाकला."

"मंग? गरम चीक सोडते का कोनी?"

मी मागे वळलो नाही. माझ्यानं वळवेना. स्क्रीनवर दोन जोड्यांच्या मधे काळी काच यायची, तेवढ्यात तिच्यात मला मागचं दार दिसलं. दारात कुंदा, गालाला पीठ लागलेलं. तिच्या खांद्यावर एक हात. हाताच्या वर पाहण्याआधी पुढचा फोटो आला.

"कॉम्प्युटर चालूच ठेवून आलते का?" ती म्हणाली.

"क्षितिज म्हणे ना, झाडलं का हलकं होते." दोन छोटे खोकले, एक लांब. "पानी आनतो तुले. बस तू."

पाय ओढत तो स्वयंपाकघरात गेला. कुंदा माझ्याकडे आली. मी "अगं" म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा "कुंदे" म्हणालो. कूलर घरघरत होता.

तिनं खुर्ची मागे ओढली आणि बसणार तोच थबकली. हात खाली नेऊन तळवा बैठकीवर ठेवला.

"अहो," तिनं स्वयंपाकघराकडे पाहत हाक मारली, "खुर्ची गरम लागून राह्यली. कोन बसलं होतं इथं?"

"कोन बसंन? घर तं बंद होतं."

ती बसली नाही. वाकून तशीच उभी राहिली, मान किंचित कलती करून, आणि माझ्या इतक्या जवळ आली की तिच्या गालावरचं पीठ मला दिसत होतं. तो पाण्याचा पेला घेऊन मागे येऊन उभा राहिला, तिला हाक मारली, तरी तिनं हात काढला नाही. तेवढा वेळ ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

तिचा तळवा तिथंच होता. पट्टी संपत आली होती. तळव्याखाली खुर्ची हळूहळू गार होत होती.